बाका उमेदवार

आता स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडानं सांगायची म्हणजे बघा. पण चहा पाजलाय तुम्ही, तर ऐका.

आमचा शालोमशेठ अलिबागकडचा बेने इस्रायली ज्यू, माझ्याच आळीतला. त्या लोकांना शनवार तेली म्हणायचे, कारण त्यांच्या धर्मात शनिवारी काम वर्ज्य, तेलाचा घाणा बंद. लहानपणी मी मुद्दाम शनिवारीच विटीदांडू घेऊन त्याच्या दारात उभा. गडी हलायचा नाही. डोळे मात्र विटीवर!

पुढं शेठनं जपान गाठलं. टोकियोजवळ उरायासूत डाळ-मसाल्याचं दुकान टाकलं, तिथलाच नागरिक झाला. माझ्या म्हातारपणी लेक तिथं कंप्युटरात लागला, तसा मीही जाऊन शेठच्या तांदळाच्या गोणीवर बसलो. पुन्हा आळी भरली.

तो मोठा भूकंप झाला ना, तेव्हा तिथं रस्त्यांतून चिखल वर आला, नळ बंद. शेठनं दुकानातलं पाणी नि खिचडी सगळ्या गल्लीला वाटली. तेव्हापासून शेजारच्या म्हाताऱ्या मागंच लागल्या, नगरपालिकेला उभे राहा. राहिला.

तिकडं प्रचार म्हणजे गाडीवर भोंगा, हातात पांढरे हातमोजे नि दिवसभर उमेदवाराचं नाव. मतदान रविवारी. मग शेवटचा, सगळ्यात जोराचा दिवस कुठला? शनिवार. शेठ घरात!

आदल्या दिवशी मला म्हणाला, "गणू, अटीतटीचं आहे रे. उद्या फक्त माझं नाव घे. जास्तीचं एक अक्षर नको."

नुसतं नाव काय घ्यायचं? जपानी मला येत नाही, मराठीसुद्धा बोट ठेवून वाचतो. पण गावाकडं फक्कड गड्याला आपण काय म्हणतो? बाका! धरला भोंगा नि सुरू केलं, "शालोम-सान बाका! लई बाका!"

पोरं गाडीमागं धावली. म्हाताऱ्या तोंडावर हात धरून हसल्या. मला वाटलं, हवा झाली. ड्रायव्हर तानाका-सान घामाघूम होऊन "चोत्तो, चोत्तो" करत होता. चोत्तो म्हणजे थोडं, एवढं मला ठाऊक. थोडं अजून म्हणतोय, म्हणून आवाज चढवला. स्टेशनापुढं तर नाचलो.

घरी आलो तर सून दारातच.

"बाबा, इथं बाका म्हणजे मूर्ख."

"आणि चोत्तो?"

"तसं म्हटलं की आवरा म्हणायचं."

जेवण गेलं नाही मला. शेठ दिवसभर खिडकीत बसून ऐकत होता म्हणे. शनिवार, त्यामुळं फोनही लावता येईना.

आणि निवडून आला! निवडून आलेल्यांत अगदी शेवटचा, पण आला. म्हाताऱ्या म्हणाल्या, स्वतःला मूर्ख म्हणवणारा पुढारी पहिल्यांदाच पाहिला.

जन्मभर मुद्दाम खोड्या काढल्या, ही एकच चुकून झाली. पण अजून कुणाला पटत नाही.

चार वर्षांनी शेठ पुन्हा उभा राहिला. शनिवारी मी हातमोजे चढवून तयार. शेठनं हळूच ते काढून घेतले.

"गणू, या खेपेला शनिवार तूही पाळायचा."

ज्याचा शनिवार मोडायला विटीदांडू घेऊन जायचो, त्याच्याच खिडकीत मांडीला मांडी लावून बसलो दिवसभर. तोंड उघडलं ते फक्त खायला.