नव्या रोलरला मी जुना म्हणालो

मुलुंडच्या एका ऑफिसात मी नव्या रोलरला जुना म्हणालो. तो माझ्या सहकाऱ्याने बसवला होता आणि तो नवा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात त्याने माझ्यासमोरच खोकं फोडलं होतं.

आम्ही दोघं अंधेरीच्या एका सर्व्हिस एजन्सीत कॉपियर दुरुस्त करतो. तो माझ्यानंतर आला. प्रत उजेडात तिरपी धरून कशी बघायची, ड्रम झिजला की पानावर पट्टे कसे येतात, हे त्याला मीच दाखवलं. पण वर्षभरात गिऱ्हाइकं त्यालाच मागू लागली. "ते दुसरे आहेत ना, त्यांना पाठवा." फोन मी उचलला असला तरी हेच. त्याचा पांढरा शर्टसुद्धा मला खुपायचा. टोनरची बाटली तो माझ्यासारखीच हलवायचा, पण संध्याकाळी त्याच्या बाह्या स्वच्छ. माझे शर्ट बायको गार पाण्यात वेगळे भिजवते, कारण गरम पाण्यात टोनरची काळी भुकटी कापडाला कायमची धरते. एकदा ती सहज म्हणाली, "त्यांच्या बायकोला बरं आहे." त्या दिवशी जेवताना मी तिच्याशी बोललो नाही.

मुलुंडच्या त्या ऑफिसातल्या मॅडम त्याच्यासाठी आल्याचा चहा मागवायच्या. मला पाणी विचारायच्या.

रोलरच्या त्या दिवशी तो रजेवर होता म्हणून मुलुंडला मी गेलो. प्रतीवरची अक्षरं बोटाने पुसली जातात, अशी तक्रार होती. टोनर कागदावर पक्का करणारा गरम रोलर त्याने नुकताच बदललेला. मी झाकण उघडून पाहिलं, रोलरवर ओरखडाही नव्हता. मग कागदाचा ट्रे ओढला. कुणीतरी जाड कागद भरला होता आणि मशीनचं सेटिंग पातळ कागदाचंच होतं. जाड कागदाला जास्त उष्णता लागते, ती मिळत नव्हती. मी सेटिंग बदललं, प्रत काढली, अंगठा घासला. अक्षरं हलली नाहीत.

"काय झालं होतं?" मॅडमनी विचारलं.

"रोलर जुना, काढलेला बसवलाय," मी म्हणालो. "दुसऱ्या मशीनचा. मी तात्पुरतं जमवलंय."

आमच्या कामात याहून वाईट आरोप नाही. एका गिऱ्हाइकाकडे काढलेला पार्ट दुसऱ्याला नवा म्हणून लावणं म्हणजे चोरीच. मॅडमनी आमच्या एजन्सीच्या मालकांना फोन केला. मालकांनी त्याला बॅग उघडायला लावली आणि आत खरंच एक झिजलेला रोलर निघाला. तसा माझ्याही बॅगेत होता. गाडं अडलं तर तपासायला म्हणून सगळेच ठेवतात. मी माझी बॅग पायाने टेबलाखाली सरकवली.

त्याची मुलुंड-घाटकोपरची ऑफिसं मला मिळाली, त्याला माहुलकडचे, आडबाजूच्या कारखान्यांतले दुरुस्तीचे कॉल. मॅडम आता मला चहा विचारू लागल्या, पण दर वेळी म्हणायच्या, "माणूस चांगला वाटला होता हो." त्याच्यासाठी त्यांना वाईट वाटतं, याचाही मला राग यायचा.

मग एके दिवशी तो माझ्याकडे आला. "मुलुंडला चल ना यार. मालक म्हणतात, मॅडमचं समाधान कर, नाहीतर दुसरीकडे काम बघ."

"मी येऊन काय करू?"

"तुझं ऐकतील त्या. रोलरचं खोकं तुझ्यासमोरच फोडलेलं, विसरला असशील. घाईत नजर चुकते रे, माझीही चुकते."

त्याला माझा संशयसुद्धा आला नव्हता. मी निघालो ते हीच सबब मनात धरून. नजरचूक म्हटलं की त्याचं काम वाचत होतं आणि माझं नावही.

ऑफिसात शिरलो तर मॅडम त्यालाच म्हणाल्या, "या, बसा." तेवढ्यानेही मला झोंबलं, आणि आपण कुठवर घसरलोय ते कळलं.

तो माझ्या वतीने बोलू लागला, "मॅडम, त्या दिवशी यांच्या नजरचुकीने..."

"नजरचूक नाही," मी म्हणालो. "रोलर नवा होता आणि मला ते माहीत होतं. कागद जाड होता, एवढंच. मी खोटं बोललो."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. तो माझ्याकडे वळला.

"का रे?" त्याने हळूच विचारलं.

"सगळे तुलाच बोलावतात. मला ते बघवत नव्हतं. मालकांना आत्ता इथूनच फोन करून सांगतो. चुकलो मी. माफ कर मला."