लाइनीवरची खुर्ची

आमच्या फुटबॉल क्लबात खुर्ची मिळायला आधी कोणीतरी मरावं लागतं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण बूढ़ापारा या आमच्या मोहल्ल्यातल्या मराठी घरांत तो सगळ्यांना पाठ आहे. ज्यानं तरुणपणी क्लबची जर्सी घातली आणि ज्याची पन्नाशी उलटली, तो खुर्चीच्या रांगेत लागतो. मैदानाच्या तलावाकडच्या बाजूला, पांढऱ्या लाइनीला अगदी चिकटून, या खुर्च्या मांडलेल्या असतात. एखादा गेला की त्याची खुर्ची एक हंगाम रिकामी ठेवायची आणि मग पुढच्याला द्यायची. मला माझ्या चुलतभावाची मिळाली. लोखंडी, घडीची, पाठीत जरा वाकलेली. अख्खी सरकारी नोकरी ज्या खुर्चीवर काढली ती सोडताना मला काही वाटलं नव्हतं. हिच्यावर पहिल्यांदा बसलो तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं.

खुर्चीवर बसून करायचं काय, तर बोलायचं. ‘अबे पास दे’, ‘मांगं पाह्य, मांगं’, ‘काय झोपून राहिला का बे’. आम्ही खेळायचो तेव्हा आधीच्या खुर्च्यांनी आम्हालाही असंच सोलून काढलं होतं, आणि त्यात आमचं काही बिघडलं नाही. सामना शहराच्या दुसऱ्या टोकाला, भनपुरीला असला तर आम्ही खुर्च्या ऑटोत टाकून तिकडे नेत होतो. लोक हसायचे. हसोत बापडे.

क्लब आजही त्याच गटात आहे, खाली घसरला नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. म्हणजे पुढं काय झालं ते ऐकायला बसलेल्यांनी माझ्या तोंडून बाहेरून आणलेल्या त्या मॅनेजरच्या कौतुकाची वाट पाहू नये. ते मी करणार नाही.

गेल्या हंगामात निम्मे सामने होऊन गेले तरी आम्ही एकही जिंकलो नव्हतो. खालच्या गटात जाण्याची वेळ आली होती, आणि आमच्या हयातीत तसं कधी घडलेलं नव्हतं. अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे, त्यांची खुर्ची माझ्या शेजारची. एका संध्याकाळी ते म्हणाले, “भाऊ, मी नवा मॅनेजर आणून राहिलो.” कोण, म्हणून विचारलं, तर भनपुरीच्या क्लबचा जुना मॅनेजर. ज्या क्लबनं आम्हाला वर्षानुवर्षं आमच्याच मैदानावर हरवलं, त्याचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच.

तो आला. बुटका, पोट सुटलेला, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली शिटी. आमच्याकडे कोणीही नवा आला की त्याला खुर्च्यांजवळ बसवून चहा पाजतात. यानं कपाकडे बघितलंसुद्धा नाही. “मैदान पे नहीं पीता, काकाजी,” म्हणाला आणि एकटाच मैदानाला चक्कर मारायला निघाला. समोरच्या बाजूला नुसती माती आहे, तिथून तो भराभर चालला. आमच्या बाजूला आला आणि थांबला. इथं गवत हिरवंगार. तलावाची ओल असते, शिवाय आम्ही तिथं एकही स्कूटर उभी करू देत नाही. या गवताचा आम्हाला फार अभिमान. तो वाकला, गवतातून हात फिरवला, एक काडी उपटली आणि खुर्च्यांकडे बघितलं. मला वाटलं, गड्याला निदान गवताची तरी पारख आहे.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो तर खुर्च्या लाइनीवर नव्हत्या. गोलच्या मागं, पार भिंतीजवळ नेऊन ठेवल्या होत्या.

“उधर छाँव है, काकाजी,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “सावली मले माझ्या घरीबी आहे. खुर्ची कोणाले विचारून हलवली?”

त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला आणि मग म्हणाले, “भाऊ, आता मॅनेजर ते आहेत.” त्यांची स्वतःची खुर्चीही भिंतीजवळच गेली होती, पण दुकानदार माणसाला गिऱ्हाईकासमोर वाकायची सवय असते. मला नाही. मी घरी निघून आलो.

खरं सांगायचं तर माझं त्या खुर्चीवाचून दुसरं काही नव्हतं. निवृत्त माणसाला घरात कोणी काही विचारत नाही. मैदानावर मी बोललो की अकरा पोरं ऐकतात, निदान मला तसं वाटायचं. त्यातलं एक पोरगं माझं स्वतःचं. तो उजव्या बाजूनं खेळतो, एका खासगी बँकेत लागला आहे, आणि त्याला मराठी सगळं समजतं पण उत्तर तो हिंदीतच देतो. तेही दोन शब्दांत. घरी आम्ही फुटबॉलवर कधी बोललो नाही. मला जे बोलायचं ते मी लाइनीवरून बोललेलो असायचो, आणि त्याला काही बोलायचं असेल असं माझ्या कधी मनात आलं नाही.

मी मैदानावर जाणं बंद केलं. पुढचा सामना बरोबरीत सुटला. त्यानंतरचा आम्ही जिंकलो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं मी सगळ्यांना सांगितलं. मग आणखी एक जिंकलो. कावळा काही उठायला तयार नव्हता. पाऱ्यातली माणसं मला रस्त्यात थांबवून हसत हसत अभिनंदन करायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोरांचा मोबाइलवर ग्रुप केला होता त्या मॅनेजरनं, त्यात एकही खुर्चीवाला नव्हता. मुलगा जेवताना त्यात काहीतरी वाचून हसायचा. पूर्वी सामन्याच्या दिवशी तो ताटावर धड बसत नव्हता. आता दुसऱ्यांदा भात मागायला लागला होता. मला हे दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच राग येत होता.

बायको एक दिवस म्हणाली, “अहो, पोट्टा जिंकून आला, अन् तुमचं तोंड काहून उतरलं?”

“मले कोणी विचारलं तरी का?”

“तुमाले क्लबचं जिंकणं पाह्यजे का खुर्ची पाह्यजे, ते एकदा ठरवून घ्या.”

“मले दोन्ही पाह्यजे,” मी म्हणालो. ती हसली आणि भाजी निवडायला गेली.

शेवटचा सामना भनपुरीशी होता, आमच्या मैदानावर. बरोबरी पुरणार नव्हती, जिंकावंच लागणार होतं. त्याआधी मी खुर्चीवाल्यांची बैठक बोलावली. क्लबच्या समितीत आम्हीच सगळे, त्यामुळे बैठक म्हणजे निकालच. या सामन्याला खुर्च्या लाइनीवर आल्याच पाहिजेत, बाहेरून आलेल्यानं आम्हाला आमच्या मैदानात कोपऱ्यात बसवायचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. मॅनेजर उभा राहून ऐकत होता. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी हात दाखवून अवलक्षण केलं.

“सांगून टाका ना एकदा,” मी म्हणालो, “आमच्या खुर्च्यांनी तुमचं काय बिघडवलं?”

तो हळूच म्हणाला, “काकाजी, मैं इतने साल सामने वाली टीम में था। हम लोग कुर्सी वाली साइड में आदमी ही नहीं रखते थे। आपके लड़के उधर आते ही नहीं थे।”

अध्यक्षांनी पुन्हा चष्मा काढला. मग त्यानं हात नुसता मैदानाच्या दिशेनं केला आणि म्हणाला, “घास देख लीजिए।”

मी त्याला खोटारडा म्हणालो. बाकीचेही म्हणाले, पण माझ्याइतक्या मोठ्यानं नाही. ठराव झाला. त्यानं मान हलवली, शिटी खिशात घातली आणि स्कूटर काढून निघून गेला. भांडायला पाहिजे होतं त्यानं. तो भांडला नाही, याचाही मला राग आला.

सामन्याच्या दिवशी मी माझी खुर्ची स्वतः उचलून आणली. जुन्या जागी ठेवली, बसलो, तर ती डुगडुगायला लागली. खाली बघितलं. माझ्या गवताचा पत्ता नव्हता. बुटांच्या खिळ्यांनी जमीन खणून निघाली होती, लाइनीच्या कडेपर्यंत. मी चार पावलं डावीकडे सरकवून पाहिली, तिथंही तेच. शेवटी एका पायाखाली विटेचा तुकडा घातला आणि बसलो.

पहिल्या हाफमध्ये मुलगा समोरच्या बाजूला होता, आमच्यापासून लांब. काय खेळला तो. चेंडू पायात आला की त्यांचा बचावातला बॅक मागं मागं सरकायचा, आणि हा लाइन धरून सुसाट निघायचा. एकदा त्याचा फटका गोलच्या खांबाला लागला. मी ओरडत होतो, पण माझा आवाज तिथवर जात नव्हता. शेजारचे म्हणाले, “भाऊ, पोट्टा तर गजब करून राहिला.” मला छाती फुगल्यासारखं झालं. शून्य-शून्यवर हाफटाइम झाला.

मग बाजू बदलल्या, आणि तो आमच्याकडे आला.

तोच पोरगा. तेच पाय. पहिला चेंडू त्याला मिळाला तेव्हा तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता. मी म्हणालो, “पळ बे, पळ.” त्यानं चेंडू लगेच मागं देऊन टाकला. दुसऱ्यांदा चेंडू आला, तो आत मधल्या गर्दीत घुसला आणि गमावून बसला. तिसऱ्यांदा त्यानं मागितलाच नाही. मी समोर पाहिलं. भनपुरीचा जो बॅक आमच्या बाजूला असायला पाहिजे होता, तो आरामात मैदानाच्या मध्यावर जाऊन उभा होता. आमच्या पुढ्यात थेट कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत मोकळी जमीन पडली होती, आणि तिच्यावर कोणीच नव्हतं.

माझ्या बाजूचे सगळे ओरडत होते. मीही ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगा समोरून धावत गेला आणि मला त्याचा खांदा दिसला. आमच्या बाजूचा खांदा आत वळलेला होता, कोणी मारायला हात उगारला की माणूस वळवतो तसा. मी आजवर या पोरावर हात उगारलेला नाही. एकदाही नाही. मी तोंड मिटून घेतलं.

मी त्या मॅनेजरकडे बघितलं. तो समोरच्या लाइनीवर हाताची घडी घालून उभा होता. त्याला सगळं दिसत असणार, आणि मला दिसलं हेही दिसत असणार. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला, तितका आधी कधी आला नव्हता. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट या माणसानं भनपुरीत बसून ओळखली होती, वर्षानुवर्षं तिच्यावर सामने जिंकले होते, आणि आता चहासुद्धा न घेता मला ती शिकवत होता.

मी उठलो. खुर्ची मिटली.

“कुठं चालले, भाऊ?” अध्यक्ष म्हणाले.

“ऊन लागून राहिलं,” मी म्हणालो. ऊन केव्हाच इमारतींच्या मागं गेलं होतं. अध्यक्षांनी आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गप्प बसले. त्यांचं पाहून बाकीचेही हळूहळू गप्प झाले. मी खुर्ची काखेत मारून लाइनीच्या बाहेरून चालत भनपुरीच्या गोलकडे निघालो. मी काही त्या माणसासाठी उठलो नव्हतो, हे इथं पुन्हा सांगतो.

चालताना मागून बुटांचा आवाज आला आणि मुलगा माझ्या शेजारून निघून गेला. लाइन धरून, चेंडू पुढं टाकत, रिकाम्या जमिनीवरून. भनपुरीचा बॅक मध्यातून जिवाच्या आकांतानं पळत आला आणि त्यानं कसाबसा चेंडू बाहेर घालवला. आम्हाला कॉर्नर मिळाला.

मी तोवर कोपऱ्यापर्यंत पोचलो होतो. झेंड्याच्या थोडं मागं खुर्ची उघडली आणि बसलो. मुलगा चेंडू घेऊन आला, खाली ठेवला, धावायला जागा हवी म्हणून उलट्या पावलांनी मागं यायला लागला आणि मला बघून थबकला. धाप लागली होती त्याला. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. मैदानात असताना तो माझ्याशी कधी एक शब्द बोललेला मला आठवत नाही.

“पापा,” तो म्हणाला, “थोड़ा और पीछे।”

मी उठून खुर्ची मागं नेली. त्यानं हातानं खूण केली, अजून. मी अजून मागं गेलो. भिंत पाठीला लागली तसा मी खुर्ची खाली ठेवली. त्यानं एकदा बघून घेतलं, मान हलवली आणि धावला.