देवीचा गूळ आणि माझं उतरतं वजन

बाळंतपणात वजन वाढतं म्हणतात. खोटं नाही, पण त्याहून जास्त वाढतात किस्से! वजन हळूहळू का होईना, उतरतं. किस्से मात्र अंगाला चिकटून बसतात.

आमच्या घोळाचं मूळ म्हणजे सासूबाईंचा नवस. "सून नि नात सुखरूप घरी आली, तर सुनंच्या भारोभार गूळ वाटीन." मी कुसगावला घरी आले त्याच दिवशी माझं वजन करून त्यांनी तेवढ्या गुळाच्या ढेपा आणल्या आणि हळदकुंकू लावून देव्हाऱ्याशेजारी रचल्या. आता तो गूळ देवीचा, त्यातला खडाही कमी करायचा नाही. चैत्रातल्या जत्रेला सगळ्या गावासमोर मी तराजूत बसायचं.

इकडे माझे गुडघे कुरकुरत होते आणि मला लोणावळ्यातल्या हॉटेलच्या रिसेप्शनवर परत उभं राहायचं होतं. म्हणजे मला वजन उतरवायचं होतं आणि सासूबाईंना ते जत्रेपर्यंत टिकवायचं होतं!

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाई नको. अंगावर पाजतेयस, तेव्हा उपाशी राहायचं नाही. भाकरी, पालेभाजी, डाळ पोटभर खा. गोड बेतानं. रोज थोडं चाल. वजन सावकाश उतरेल."

एवढ्यातून सासूबाईंनी नेमकं एकच वाक्य उचललं आणि आळीभर सांगितलं, "डाक्टरीनबाई म्हनल्या, हिला उपाशी ठिवायचं न्हाई!"

दुपारी माझ्या ताटात डिंकाचे दोन लाडू जास्त होते.

*

शेजारची सोनाली माझ्यासारखीच नवी आई. आम्ही दोघी पोरींना कडेवर घेऊन चालायला निघालो. पवनानगरला सवारी नेणारी जीप करकचून ब्रेक मारत थांबली आणि ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"ताई, लेकरं घिऊन कुटं निघाल्या? घरी भांडान झालं का?"

"नाही हो भाऊ, वजन कमी करतोय."

"आसं कुटं आसतंय का! बसा गप, घरी सोडतो."

सोडलंच! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी जीपचा आवाज आला की आम्ही रसवंतीच्या मागं लपायला लागलो. त्या धावपळीत जेवढा व्यायाम झाला, तेवढा चालण्यात नव्हता.

*

सोनालीकडं वजनकाटा नव्हता. ती तांदळाच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर उभी राहिली. दुकानदार आबा पोत्याचं वजन बारदान, म्हणजे वरचं गोणपाट, वजा करून सांगायचे. सवयीनं त्यांनी चष्मा वर केला, सोनालीच्या नऊवारीकडं पाहिलं आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात विचारलं,

"पोरी, बारदान धरून सांगू का सोडून?"

*

लाडू काही थांबेनात. मग मी ते गुपचूप नवऱ्याला द्यायला लागले. बिचाऱ्यानं इमानेइतबारे खाल्ले. काही आठवड्यांत त्याच्या शर्टाचं बटण उडून आमटीत पडलं. सासूबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"बाळातीन वाळत चालली नि बाळातपान ह्याच्याच अंगी लागलंय!"

त्यानं हात जोडले. तेव्हापासून मी नको म्हटलेला प्रत्येक लाडू सासूबाई एका मोठ्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवायला लागल्या.

*

जत्रा आली. देवळापुढं तराजू टांगला होता. एका पारड्यात देवीचा गूळ, दुसऱ्यात मी. गुळाचं पारडं धप्पकन खाली गेलं आणि मी वर! सगळ्या गावासमोर अधांतरी लोंबकळताना मला जो आनंद झाला, तो काय सांगू!

खाली पाहिलं तर सासूबाईंचे डोळे भरलेले. "देवी म्हनंल, म्हातारीनं सुनंला उपाशी मारली." ते ऐकून माझा आनंद जागच्या जागी विरघळला.

पुजारी म्हणाले, "देवीचा गूळ काडता येत न्हाई, मावशी. सुनबाईच्या बाजूला कायतर ठिवा."

माझ्या मांडीवर लेक ठेवली. पारडं थोडं खाली आलं आणि अडलं. बाया पुटपुटायला लागल्या.

सासूबाईंनी डोळे पुसले, पिशवीत हात घातला आणि तो स्टीलचा डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

काटा हलला, डुलला आणि बरोब्बर मधोमध उभा राहिला!

सासूबाईंनी देवीपुढं हात जोडले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"बगितलंस ना, आई? म्या केलं व्हतं. हिनंच खाल्लं न्हाई!"