अण्णांच्या फोटोखालचा परवाना

हे तुम्हाला सांगावं की नाही, या विचारात माझा अर्धा चहा गार झालाय. पण तुम्ही कधी धसईला गेलात आणि माझं नाव काढलंत, तर तिथं कुणी ना कुणी हा किस्सा सांगणारच, तोही तिखटमीठ लावून. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. माझी फजिती मी जरा तरी बेतानं सांगेन.

शहापूरला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, सगळं एका कॉम्प्युटरवर. त्यामुळे धसईला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, माझी ओळख 'कॉम्प्युटरवाले जावय'. तिथं कुणाचा मोबाइल अडकला, कुणाचा टीव्ही मुका झाला, की फोन मला. आणि मी आजवर कुणाला 'मला यातलं कळत नाही' असं म्हटलेलं नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

माझे सासरे अण्णा हे एसटीच्या लाल गाडीवरचे ड्रायव्हर. सारी नोकरी माळशेज घाटात गाडी चढवण्या-उतरवण्यात गेली, पण गाडीला साधा ओरखडा नाही. माणूस कमी बोलणारा. ते निवृत्त व्हायचे होते, तर गावानं मंडप घालून सत्कार करायचं ठरवलं. डेपोतले साहेब येणार होते. माझा मेहुणा सुधीर वाशिंदला कंपनीत आहे. त्यानं मोठी एलईडी स्क्रीन भाड्यानं सांगितली आणि मला फोन केला, की अण्णांच्या जुन्या फोटोंची फिल्म मुरबाडच्या व्हिडिओवाल्याकडून करून घेऊ का.

मी म्हणालो, "मी जिवंत असताना मुरबाडचा कशाला?"

झालं. त्या वाक्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. जेवताना फिल्म, आंघोळीला फिल्म, गिऱ्हाईक समोर बसलंय आणि मी त्याच्या प्रतिज्ञापत्रात अण्णांच्या बदलीचं गाव टाईप करतोय. आणि नेमकं तेव्हाच काय व्हावं? लाइट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि कॉम्प्युटरनं मान टाकली. मदरबोर्ड जळला.

मी सीपीयू काखोटीला मारून बाजारपेठेतल्या रिपेअरवाल्या बाईंकडे धावत गेलो. बाई हुशार, पण बोलण्याचा वेग पॅसेंजर सोडून फास्ट गाडीचा. नवा बोर्ड बसवता बसवता त्यांनी विचारलं, की ऑपरेटिंग सिस्टिमचं लायसन ओईएम आहे का रिटेल?

आता ओईएम म्हणजे काय हे मला कुठं ठाऊक? पण विचारणार कसं, मी कॉम्प्युटरवाला ना. रिटेल मात्र कळलं. रिटेल म्हणजे किरकोळ. मी कॉम्प्युटर घेतला तो एकच, दुकानात जाऊन, घासाघीस करून. होलसेलमध्ये थोडाच घेतला होता? मी छातीठोकपणे म्हणालो, "रिटेल."

बाई म्हणाल्या, मग काळजी नाही, रिटेल माणसाच्या मालकीचं असतं, जुन्या मशीनवरून नव्यावर नेता येतं. डब्याला चिकटवलेल्या कागदावरचा नंबर टाका, चालू होईल.

घरी आणून नंबर टाकला. नाही म्हणाला. परत टाकला, एकेक अक्षर नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्यानं वाचायला लावून टाकला. परत नाही. आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरं उमटली. मी कौतुकानं माझा अख्खा कॉम्प्युटर मराठीत करून ठेवलेला, त्यामुळे अक्षरंही मराठीत: 'हा परवाना अस्सल नाही. परवाना सक्रिय करा.'

बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, नंबर डब्याला चिकटवून आला होता ना, मग ते ओईएम, मशीन बनवणाऱ्यानं मशीनबरोबर दिलेलं. ते त्या बोर्डाशी बांधलेलं असतं. बोर्ड गेला की ते गेलं. आता नवं घ्या, आणि या वेळी खरंच रिटेल घ्या.

मला वाटलं, बाई धंदा करतायत. आणि वेळ कुठं होता? कार्यक्रम डोक्यावर आलेला. म्हटलं फिल्म तर होतेय ना, मग कोपऱ्यातली दोन वाक्यं काय खातात? पण खरं सांगू, ती खायचीच. सगळं लक्ष तिकडंच जायचं. शेवटी दुकानात गणपतीची स्टिकरं पडली होती, त्यातलं एक मॉनिटरच्या त्या कोपऱ्यावर चिकटवलं. आता वाक्यं गायब आणि गणपतीबाप्पा समोर. त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. दोन-चार दिवसांत त्या स्टिकरखाली काही आहे, हे मी स्वतःही विसरलो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुधीरनं सांगितलं, भावजी, फिल्म पेनड्राइव्हवर आणा, स्क्रीनवाल्याकडे लॅपटॉप आहे. मी म्हणालो, छे, लोकांच्या लॅपटॉपवर माझं काम नको, अक्षरं बदलतात, गाणी पुढेमागे होतात. मी माझा डबाच घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीपीयू चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला, नंदाला पुढं बसवलं आणि मुरबाडवरून धसईला गाडी हाणली. मॉनिटर घरीच ठेवला. तिथं एवढी मोठी स्क्रीन असताना तो कशाला? म्हणजे बघा, गणपती शहापुरात राहिला आणि मी धसईत.

मंडप भरलेला. पुढच्या रांगेत डेपोतले साहेब, शेजारी अण्णा नव्या सदऱ्यात अवघडून बसलेले, त्यांच्या मागे त्यांची बहीण यमूआत्या आणि सगळी भावकी. मी वायरी जोडल्या, सुधीरनं माइकवरून माझं नाव घेतलं, 'आमच्या भावजींनी स्वतः घडवलेली फिल्म' असं म्हणाला, आणि मी बटण दाबलं.

पहिलाच फोटो अण्णांचा. खाकी कपडे, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. वर मी सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, 'विनाअपघात सेवा'. आणि खाली, अण्णांच्या बरोबर छातीवर, घरच्या मॉनिटरवर मुंगीएवढी दिसणारी अक्षरं इथं वीतभर झालेली:

हा परवाना अस्सल नाही. परवाना सक्रिय करा.

आधी टाळ्या झाल्या. मग त्या मधेच अडखळल्या. मागून एक पोरगी शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचायला लागली. यमूआत्यांनी शेजारणीला विचारलं, परवाना म्हणजे काय गो. शेजारीण म्हणाली, "लायसन."

"कोणाचं?"

"फोटो कोणाचा हाय?"

पुढचा फोटो आला. अण्णा घाटात, दरडीखालून गाडी काढताना. खाली तेच. पुढचा फोटो, अण्णा सुरक्षित सेवेचा बिल्ला स्वीकारताना. खाली तेच. मी कीबोर्डवरची दिसेल ती बटणं दाबत होतो. एका बटणानं गाण्याचा आवाज वाढला. फोटो काही थांबेना, आणि प्रत्येक फोटोत अण्णांचा परवाना काही अस्सल होईना.

मंडपात कुजबुज पसरली. कुणी म्हणालं, डेपोवाल्यांनीच लावलं असंल. कुणी म्हणालं, निवृत्तीच्या टाइमाला सगळं तपासतात ना, त्यात निघालं असंल. साहेब अण्णांकडे बघेनात आणि अण्णा स्क्रीनवरून नजर हटवेनात. नंदा माझ्याकडे अशी बघत होती, की मला वाटलं स्क्रीनच्या मागे जाऊन उभं राहावं.

गप्प राहिलो असतो तरी निभलं असतं. सुधीर धावत आला होता, वायर काढून टाकतो म्हणत होता. पण मी काय केलं? मी माइक घेतला. म्हटलं, विषय माझा आहे, मीच समजावतो.

मी म्हणालो, "मंडळी, गैरसमज नको. लायसन दोन प्रकारचं असतं. एक मशीनबरोबर येतं, बनवणाऱ्याकडून. ते त्या मशीनपुरतंच. दुसरं आपण आपल्या नावावर घेतो, ते कुठल्याही मशीनवर चालतं. इथं जे होतं ते पहिल्या प्रकारचं. मशीन बदललं आणि ते बाद झालं. एवढंच."

मी कॉम्प्युटरबद्दल बोलतोय हे सांगायचं राहूनच गेलं. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं, की ते वेगळं सांगावं लागेल असं वाटलंच नाही.

मग यमूआत्या उभ्या राहिल्या आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "म्हंजे एकाच गाडीपुरतं होतं? अरं पण माझा भाऊ तर रोज येगळी गाडी चालवत होता."

आता मात्र साहेबांनाही घाम फुटला. मी 'कॉम्प्युटर, कॉम्प्युटर' म्हणत राहिलो, पण माइकचं काय झालं होतं देव जाणे, त्यातून नुसती शिट्टी वाजत होती.

तेव्हा अण्णा उठले. शांतपणे माझ्या हातातून माइक घेतला, तो चालू झाला. सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं लायसन काढलं आणि साहेबांपुढे धरलं. साहेब म्हणाले, अण्णा, आम्हाला माहीत आहे, याची गरज नाही. अण्णा म्हणाले, "नाय साहेब. वाचा. गाव ऐकतंय."

साहेबांनी वाचलं. नाव, गाव, बॅज, मुदत. सगळं जागच्या जागी, मुदत अजून शिल्लक. मंडपानं अशा टाळ्या वाजवल्या, की माझ्या फिल्मला जन्मात मिळाल्या नसत्या. यमूआत्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, चला, सुटलो. मी सुधीरच्या पाठीमागे सरकायला लागलो.

अण्णा म्हणाले, "जावईबापू, थांबा. साहेब, तपासायचंच हाय तर यांचंबी बघा. माझ्या लेकीला गाडीतनं हे घेऊन आलेत."

लोक हसले. मीही हसलो. अहो, मला कसली भीती? मी पाकीट काढलं, लायसन काढलं आणि ऐटीत साहेबांच्या हातावर ठेवलं. साहेबांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा वर केला. मग अण्णांच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी म्हणाले. पण माइक अण्णांच्या हातात होता आणि आता तो उत्तम चालत होता.

"अण्णा, याची मुदत संपून वर्ष व्हायला आलंय."

त्यानंतर मंडपात जे झालं ते मी सांगत नाही. पोरं बाकांवरून खाली पडली, एवढंच समजा.

आज माझ्याकडे दोन्ही परवाने आहेत. कॉम्प्युटरचा रिटेल, माझ्या नावाचा. गाडीचाही नवा करून घेतलाय. पण त्या संध्याकाळी दोन्ही नव्हते, आणि शहापूरला परतायचं होतं. अण्णांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. निवृत्त झालेला माणूस, गळ्यातला हार काढून, परत स्टिअरिंगवर बसला. नंदा पुढच्या सीटवर. मागं मी, मांडीवर चादरीत गुंडाळलेला सीपीयू. वाटेत मी दोनदा घसा खाकरला, तेवढंच.

मुरबाडच्या अलीकडे पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. हवालदारानं अण्णांना ओळखलं, सलाम केला, तरी रीतीप्रमाणे लायसन बघितलं आणि परत दिलं. मग मागच्या काचेतून डोकावला. संधिप्रकाशात त्याला चादरीचं गाठोडं आणि त्याच्यावर माझं डोकं दिसलं असावं.

त्यानं विचारलं, "मागं काय हाय, अण्णा?"

अण्णांनी गिअर टाकला. वळूनही पाहिलं नाही.

म्हणाले, "सामान."