मोठ्या बाईंचा चष्मा आन् दहावीचा फळा

आदी एक सांगून ठिवतो. म्या भुताखेतातला मानूस न्हाय. माझा धंदा मंडपाचा. लग्न, बारसं, तेरावं, जयंती… समदीकडं खांब रोवायला म्या. अंधारात, पहाटं, कुठल्याबी वाटंनं आलो-गेलो, पर आजपतुर मला एकबी भूत आडवं आलं न्हाय. घरवाली म्हनती, भुताला काय चॉईस नसती व्हय?

दुसरं सांगायचं म्हंजी मला लिहायला-वाचायला येत न्हाय. हे म्या मोबाईलमधी बोलतोय आन् मोबाईल लिहितोय. मागून आमची अंकी, म्हंजी माझी पोरगी अंकिता, त्यावरून नजर फिरवनार हाय. ती म्हनली, आप्पा, भाषा जरा नीट करते. म्या म्हनलं, नीट केलीस तर लोकांना वाटंल ह्यो कुनीतरी दुसराच. ऱ्हाऊ दे हाय तशी.

तर गाव आमचं तेरपासून थोडं म्होरं, तेरणा नदीच्या अंगाला. नाव घालायचं न्हाय आसा अंकीचा हुकूम हाय. गावातली शाळा आदी आठवीपतुरच व्हती. म्होरं शिकायचं तर एस्टीनं तेर, न्हायतर धाराशिव. पोरं जायची, पोरी घरी बसायच्या. मग गावानं हेलपाटे घालून घालून नववी-दहावी आनली. त्या दहावीत यंदा अंकी व्हती. आमच्या समद्या खानदानात दहावीला बसलेलं हे पयलं मानूस. म्याबी शाळेत गेलोय, न्हाय आसं न्हाय. दर सव्वीस जानेवारीला, मंडप घेऊन.

न वाचता धंदा करनं म्हंजी काय, ते आमच्या गावाला इचारा. एकदा माझ्याकडं दोन बॅनर गुंडाळून ठिवलेले. एक वाढदिवसाचा, एक शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्याच्या तेराव्याचा. फोटू दोन्हीवर न्हाय, फुलं मात्र दोन्हीवर. म्या आपला रुबाबात वर चढून बांधला. तेराव्याच्या पंगतीवर दिवसभर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ झळकत व्हतं. पाव्हने गप मान खाली घालून जेवले. म्हाताऱ्याची सून तेवढी पदर तोंडाला लावून हसत व्हती. तवापासून बॅनर बांधायचा म्हनलं की आदी अंकीला दावतो. आन् परक्या गावात कुनी कागद म्होरं केला की माझं एकच उत्तर ठरलेलं — चष्मा घरी ऱ्हायला. चष्मा मला मुळात न्हायच.

पर एक सवय व्हती. अंकी संध्याकाळी शाळेतून आली की म्या सुतळ्या गुंडाळत बसलेला आसायचो. इचारायचो, आज काय शिकिवलं? ती सांगायची. रक्त कसं फिरतं, चंद्र बारीक-मोठा का व्हतो, कुठला राजा कुनाला का भांडला. म्या ऐकायचो आन् रातीतून समदं इसरायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच इचारलं की चिडायची. पर सांगायची.

आता मूळ गोष्ट.

दहावीच्या निरोप समारंभाला आमच्या शाळेची एक रीत हाय. जुना लाकडी फळा हाय, तीन पायाच्या घोड्यावर उभा ऱ्हानारा. जानाऱ्या पोरांनी त्या दिवशी सकाळी त्याच्यावर एकेक ओळ लिहायची, शाळेतलं काय ध्यानात ऱ्हायलं ती. मग फळ्यावर कापड टाकायचं. घरच्यांनी आदी बघायचं न्हाय. परोगराममधी फळ्याची पाठ लोकांकडं ठिवायची, एका पालकानं म्होरून कापड काढून मोठ्यानं वाचायचं, आन् वाचून झाल्यावर फळा लोकांकडं फिरवायचा.

आदल्या दिवशी अंकी मला म्हनली, “आप्पा, उद्या खांब धरून उभं ऱ्हाऊ नका. खुर्चीवर बसा. पालक म्हनून.”

म्या म्हनलं, खुर्च्या माझ्याच हायत, कुठंबी बसंन.

“हेच,” ती म्हनली. “हेच उद्या नको. उद्याचा एक दिवस जोक करू नका. माझ्यासाठी.”

तिच्या तोंडाकडं बघितलं आन् म्या जोक गिळला. घशात आडकला, पर गिळला.

सकाळी मंडप म्याच घातला. फळाबी वर्गातून म्याच उचलून आनला. कोरा व्हता, ओल्या फडक्यानं पुसलेला. मग घरी जाऊन आंघोळ केली, इस्तरीचा सदरा घातला आन् येऊन दुसऱ्या रांगंत बसलो. येतोय तवर फळ्यावर माझंच लाल मंडपाचं कापड पडलेलं. आयुष्यभर खुर्च्या मांडल्या, पर बसल्यावर पाय कुठं ठिवायचे ते मला कळंना.

फळा वाचायला तबस्सुमची आई ठरलेली. ती गावची आशाताई. नेमकी त्याच येळंला एका बाळंतपनाच्या बाईला घेऊन तिला दवाखान्यात जावं लागलं. मोठ्या बाई, म्हंजी आमच्या मुख्याध्यापिका, लातूरकडच्या. वर्षभरापूर्वी बदलून आलेल्या. त्यांना माझ्याबद्दल एवढंच ठावं, की ह्यो अंकिताचा बाप. त्यांनी माईकवर माझं नाव घेतलं. म्हनल्या, “अंकिता वर्गात सगळ्यात जास्त वाचते. हे घरातूनच आलेलं असणार. तिच्या वडिलांनीच फळा वाचावा.”

गावाला माझं समदं ठावं, लोक एकमेकांकडं बघाया लागले. मग मागून बाळूचा आवाज आला. बाळू माझ्या हाताखाली खांब धरतो, माझा जिगरी दोस्त हाय आन् दुश्मनबी. म्हनला, “जा की नामदेवराव. तेराव्याचा बॅनर वाचला तसं वाचा.”

लोक हसले. एरवी म्याच सगळ्यांच्या आदी हसलो आसतो. पर अंकीनं मान खाली घातलेली दिसली. मग ती उठली, म्हनली, बाई, मी वाचते. बाई हसून म्हनल्या, तुझं रोज ऐकतो गं, आज वडिलांचं ऐकू दे.

म्या उठलो. पाय आपोआप चालले, त्यांचं त्यांना ठावं. फळ्याजवळ गेल्यावर ठरलेलं वाक्य काढलं. “बाई, चष्मा घरी ऱ्हायला.”

“मग माझा घ्या,” बाई म्हनल्या. “तुमच्या वयाला हाच नंबर असतो.”

आन् सोताच्या नाकावरचा काढून माझ्या हातात दिला. गुलाबी काड्यांचा. म्या त्यो घातला. मंडपातली अर्धी मानसं धुक्यात गेली, तेवढंच बरं वाटलं. एरवीच्या येळंला म्या फळ्याकडं बघून काहीतरी आचरट बोललो आसतो, लोकांनी पोट धरून हसलं आसतं आन् अंकीवरची नजर माझ्यावर आली आसती. जोकराचा तेवढाच उपेग. पर ती वाटच तिनं बंद केलेली. कापड वडलं.

आता हे कसं सांगू… अक्षरं मला कळली, आसं झालंच न्हाय. रेघोट्याच व्हत्या त्या. पर लांबून वळखीचा मानूस येताना तोंड दिसायच्या आदी चालीवरनं कळतो का न्हाय, तसं झालं. पयल्या रेघोटीकडं बघितलं आन् तोंडातून आवाज निघाला.

“लॉकडाऊनमधली पाचवी आमची पारावर, एका मोबाईलवर झाली. सगळ्यात पुढे बसायला आम्ही भांडायचो.”

माझाच आवाज, पर बोली पुस्तकातली. म्या थांबलो. पुन्हा बघितलं. पुन्हा आवाज आला.

“सहावीच्या सहलीत मी हरवलो. सगळे शोधून दमले, मी बसमध्येच झोपलो होतो.” ही सूरजची.

“शाळेसमोरच्या झाडांना आमच्या वर्गाने कळशीने पाणी घातले. आता त्या सावलीत नववीवाले डबा खातात. त्यांनी आम्हाला विसरू नये.” ही सिद्धार्थची. नववीची पोरं हसली, टाळ्या वाजिवल्या.

“कबड्डीत मी तालुक्याला गेलो. हरलो. पण आमच्या शाळेचं नाव तिथल्या भोंग्यावर ऐकलं.” ही रणजितची.

मग तबस्सुमची आली. “शाळा दहावीपर्यंत झाली नसती तर मी आठवीनंतर घरी बसले असते. मी बसले नाही.”

हितं म्हाताऱ्या मानसांनी मान हलिवली. ह्याच मानसांनी शाळंसाठी हेलपाटे घातलेले. म्या म्होरं वाचत गेलो, कुठं आडखळलो न्हाय. एकामागून एक पोरगं फळ्यावरून उठून उभं ऱ्हात व्हतं, आन् मला कधी नव्हं ते वाटलं, की आपुन गावात कायतरी मोठं केलंय. म्या फकस्त खांब रोवले, तरीबी.

खालच्या कोपऱ्यात शेवटची ओळ व्हती.

“माझे आप्पा रोज संध्याकाळी विचारायचे, आज काय शिकवलं. त्यांना सांगता यावं म्हणून मी वर्गात नीट ऐकायचे. ते म्हणतात, ते शाळेत गेले नाहीत. पण माझा पहिला विद्यार्थी तेच आहेत.”

तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं, हे माझ्यावर हाय. मग म्होरचं काय ठावं न्हाय. टाळ्या झाल्या. बाळूचं तोंड उघडं ते उघडंच. माझी घरवाली पदरानं डोळे पुसत व्हती, लग्नात रडली त्यापेक्षा जास्त. लोक मला भेटायला उठले, तेवढ्यात जिलेबीची पातेली आली आन् मग मला कुनी इचारलं न्हाय. फळा फिरवायचा ऱ्हाऊनच गेला. अंकी तेवढी टाळ्या न वाजिवता माझ्याकडं बघत उभी व्हती.

जेवनं झाल्यावर म्या कापडं सोडायला लागलो. अंकी फळ्याम्होरं उभी.

“आप्पा, शेवटचं कुठनं वाचलं?”

“फळ्यावरनं.”

“फळ्यावर ते न्हवतं.”

म्या म्हनलं, तूच जोक नको म्हनलीस आन् आता तूच. तवर मोठ्या बाई चष्मा मागायला आल्या, त्यो माझ्या नाकावरच व्हता. त्यांनी चष्मा घालून फळा वरपासून वाचला. पारावरची पाचवी, सूरज, झाडं, तालुका, तबस्सुम. समदं म्या वाचलं तसंच. खालच्या कोपऱ्यात आल्या आन् थांबल्या.

“माझे आप्पा,” बाईंनी वाचलं. मग फळ्याला नाक लावून बघितलं. “पुढे काहीच नाही.”

अंकीनं सांगितलं. ओळ लिहायला ती शेवटी ऱ्हायलेली. दोन शब्द लिहिले न लिहिले तवर पाव्हन्यांची जीप आली आन् बाईंनीच आवाज दिला, कापड टाका. म्होरचं मनात व्हतं, सकाळी पानी भरताना जुळिवलेलं. कुनाला सांगितलं न्हवतं, मैत्रिनीला न्हाय, आईलाबी न्हाय. बाईंनी हात फिरवून बघितला. तिथं खडूची धूळसुदिक न्हवती, सकाळच्या ओल्या फडक्याची चकाकी तशीच.

म्या म्हनलं, बाई, तुमच्या चष्म्याचाच काय तरी गुन हाय. त्यांनी त्यो पुन्हा माझ्या हातात दिला आन् अंकीला खडू. अंकीनं तिथंच, माझ्याम्होरं, ऱ्हायलेली ओळ पुरी केली. म्या बोललो त्यात एक शब्द कमी न्हाय, एक जास्त न्हाय.

“वाचा आता,” ती म्हनली.

म्या चष्मा घातला. बघितलं. डोळे फाडून बघितलं. रेघोट्या. वरच्या ओळी बघितल्या, त्याबी रेघोट्या. डोकं दुखाया लागलं तसा चष्मा काढला. मग अंकीनंच मला माझी ओळ वाचून दावली.

बाळू अजून म्हनतो, पोरीनं घरी घोकून घेतलं. अंकी घोकून घ्यायला लागली तर माझ्या डोक्यात किती ऱ्हातं, ते तिला इचारा. मोठ्या बाईंना इचारलं तर त्या म्हनल्या, मी विज्ञान शिकवते, मला हे विचारू नका. घरवालीनं नारळ फोडायचा म्हनला. म्या म्हनलं, कुनाम्होरं फोडू? फळ्याम्होरं? तिनं खरंच फोडला.

अंकी पास झाली. आता अकरावीला एस्टीनं धाराशिवला जाती. संध्याकाळी आली की म्या सुतळी गुंडाळत बसलेला आसतो, आन् इचारतो. बॅनर अजून तिला दावल्याबिगर बांधत न्हाय.

समद्या गावाम्होरं फळ्यावर नसलेलं मला वाचता आलं. आसलेलं आजबी येत न्हाय. ह्याचा अर्थ तुमच्यापैकी कुनाला लागला तर खाली लिहा. अंकी वाचून दावंल.