खिडकीतून ओरडायचा शब्द

फोर्टमावशींना कुठलाही शब्द सांगा, त्या विचारायच्या, "हा खिडकीतून ओरडता येईल का?" आणि लगेच मुलांना आमच्या बालीगंजच्या गॅलरीत उभं करून ओरडायला लावायच्या. खालचा मासेवाला दचकून वर बघे. मी तिथं जरा आवाज चढवला असता तर तक्रार आली असती. मावशींना मात्र शेजारच्या बंगाली आजी संदेशची मिठाई पाठवायच्या.

नवरा लष्करात, घर फोर्ट विल्यममध्ये, म्हणून फोर्टमावशी. बदलीवर आलेली बाई, दोन-तीन वर्षांची पाहुणी. मी लग्न झाल्यापासून इथली. मराठी मंडळाच्या गणपतीतलं मुलांचं नाटक दर वर्षी मीच बसवायची. मावशी आल्या आणि सगळी मुलं त्यांच्या मागे लागली, माझी ईरासुद्धा. ईरा माझ्याशी इंग्रजीत बोले आणि भूक लागली की बंगालीत. मराठीतलं 'आई' तेवढं माझ्या वाट्याला. मावशींशी मात्र अडखळत का होईना, मराठीच! त्या मला आवडत नव्हत्या असं नाही हो. फार आवडायच्या, म्हणून तर जळफळाट व्हायचा.

त्या वर्षी मुलांना सुपरहीरोचं नाटक हवं होतं. मी संवाद लिहायला बसले, तर मावशी म्हणाल्या, "आधी हा शब्द कुठला ते बघू." मग मुलांना गोल बसवून सांगितलं, "शब्द शंभर वर्षांहून जुना आहे. आधी तो हाडामांसाच्या शूर माणसांसाठी वापरत. रंगीत कपडे घालून उडणारे नंतर आले. पुढे दोन कंपन्यांनी मिळून तो आपल्या नावावर नोंदवून घेतला. ती नोंदणी अगदी आत्ता कुठे रद्द झाली."

"शब्द कुणाच्या नावावर कसा?" ईरानं विचारलं. मराठीत.

"म्हणून तर आपण आपला काढू."

मी घाईघाईनं 'अतिमानव' सुचवला. मुलांनी ओरडून पाहिला आणि ती हसून लोळली. "ताई, हा येईपर्यंत चोर जेवून जाईल," मावशी म्हणाल्या. मलाही हसू आलं, त्याचा जास्त राग आला. 'महानायक' बाद झाला, कारण बंगाली आजींना लगेच सिनेमातला नट आठवला. 'वीर' सगळ्यांना पटला, तर मावशी मुलांना घेऊन थेट बागबाजारला.

"इथून पुढे मोठा खंदक होता," त्या म्हणाल्या. "कुणाच्या भीतीनं खणला? इकडे चालून येणाऱ्या आपल्या मराठ्यांच्या. आपले वीर ते यांचे लुटारू. मला असा शब्द हवा, की तो माणूस कुणाच्या बाजूला उभा आहे हे कळेल."

परतताना टॅक्सीत ईरा एकदम म्हणाली, "पाठीराखा!" घरी आल्या आल्या मुलं गॅलरीत धावली. "पाठीराख्या, ये रे!" सगळी गल्ली दुमदुमली.

"कुठून आणलास ग हा?" मावशींनी विचारलं.

"आई भाऊबीजेला मामाला म्हणते."

म्हणजे शब्द माझा, आणि कार्टीनं तो नेऊन त्यांच्या ओंजळीत टाकला. मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, शेवटी तुमचाच शब्द चालला बघा." एवढा मोठेपणा तरी त्यांनी माझ्यासाठी शिल्लक ठेवायचा!

नाटक झकास झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत बदलीचा हुकूम आला. मावशी निरोप घ्यायला आल्या, मी ओटी भरली, "पुन्हा या" म्हटलं. लिफ्टचं दार बंद झालं आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं.

मागे वळले तर ईरा उभी. डोळे लाल.

"तू त्यांना थांबवलं का नाहीस? तुला त्या जायलाच हव्या होत्या. मला सगळं कळतं!"

वाक्यं स्वच्छ होती, कुठे अडखळली नाही. लेक माझ्याशी पहिल्यांदाच एवढं मराठी बोलली होती, आणि तेही त्यांच्यासाठी भांडायला.