टाकीवरचा फोन

किस्से शोधायला जावं लागत नाही. एका जागी शिफ्टभर बसून राहिलं की ते आपोआप साचतात, आणि मी तर साचलेल्या पाण्याशेजारीच बसतो. ते सांगायला माणूस मिळणं मात्र अवघड. आज तुम्ही सापडलात, तर ऐका.

बुलढाण्याजवळच्या एका डेअरीत मी ईटीपी ऑपरेटर आहे. डेअरीतल्या टाक्या, पाइप, टँकर धुतल्यावर जे घाण पाणी निघतं, ते सगळं माझ्याकडे येतं. मी ते साफ करतो, मग ते बागेला आणि मागच्या शेताला जातं. माझी जागा कंपाउंडच्या पार शेवटी. दोन टाक्या, एक खोली, एक खुर्ची आणि भिंतीवर इंटरकॉमचा फोन. नियम असा आहे की ईटीपीवाल्यानं दुधाच्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही आणि हॉलमधल्या माणसानं इकडे यायचं नाही. आला तर पुन्हा आत जाता येत नाही, कारण इकडचे जंतू आणि इकडचा वास दुधापर्यंत जाईल. नियम बरोबरच आहे. पण त्यापायी चहासुद्धा माझ्यापर्यंत येत नाही. कॅन्टीनवाला अर्ध्या वाटेवर कडुनिंबाखाली थर्मास ठेवून जातो, तिथून तो मी आणायचा.

*

माझं घर जळगाव जामोदला. बायको तिथे अंगणवाडीत आहे, मुलगी शाळेत. मी बुलढाण्यात खोली करून राहतो आणि सुटीला एसटीनं घरी जातो. या कामाचा आंबट वास साबणानं निघत नाही. एकदा बस खच्चून भरलेली, माणसं दांड्याला धरून उभी, आणि माझ्या शेजारची सीट रिकामी! मोताळ्याला एक आजीबाई चढल्या आणि सरळ येऊन बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी नाक वर केलं.

"काऊन रे बाप्पा, दही सांडलं काय?"

मी त्यांना माझं काम सांगितलं. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मंग बरं हाय. मले वाटलं, माह्याच पिशवीतलं नासलं."

नांदुऱ्यापर्यंत त्या माझ्याशी गप्पा मारत बसल्या. उतरल्या तेव्हा मला वाईट वाटलं, इतकं की घरी पोचल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं म्हणून.

*

पाण्यातली घाण मी खात नाही, बॅक्टेरिया खातात. माझ्या टाकीत तेच पाळलेले असतात. एकदा हॉलमध्ये आलेल्या नव्या माणसानं मला न सांगता टाक्या धुतलेलं कॉस्टिक सोड्याचं सगळं पाणी एकदम सोडून दिलं. टाकीवर फेस चढला, भिंतीवरून पलीकडे उतरला आणि माझे बॅक्टेरिया मेले. नवे वाढवायला ताजं शेण लागतं. मी गावातून ट्रॉलीभर शेण मागवलं, तर गेटवरच्या वॉचमननं ट्रॉली अडवली. डेअरी म्हणजे खाण्यापिण्याची जागा, स्वच्छतेचा बोर्ड लावलेला, आत शेण जाणार नाही. मी म्हटलं, दादा, हे बॅक्टेरियासाठी आहे.

"मंग तं बिलकुलच नाही," तो म्हणाला.

मॅनेजरसाहेबांनी समजावलं तरी तो हलेना. शेवटी मागच्या कुंपणाची तार सोडून शेण आत घेतलं. वॉचमन आजही नव्या लोकांना सांगतो की त्याच्या गेटातून डेअरीत कधी शेण गेलं नाही. खोटं बोलत नाही तो.

*

त्यानंतर साहेबांनी नियम केला की धुण्याचं पाणी सोडण्याआधी ईटीपीला फोन करायचा. टाक्या धुण्याच्या कामावर इंगळेभाऊ होते, लोणारकडचे. फोन वाजला की तेच असायचे. "तायडे, सोडू काय?" मी टाकीत डोकावून सांगायचो, सोडा, नाही तर थांबा जरा. थांबायचं असलं की ते फोन ठेवत नसत. मग लोणारला पाऊस आहे की नाही, माझी पोरगी गणितात पास झाली की नाही, त्यांच्या सुनेनं केलेल्या पातोड्या, असं काहीबाही निघायचं. खरं सांगतो, टाकीत जागा असली तरी मी कधीकधी थांबा म्हणायचो.

त्यांचं तोंड मात्र मी पाहिलं नव्हतं. हॉलमध्ये सगळे टोपी आणि मास्कमध्ये, आणि त्यांची शिफ्ट माझ्याआधी सुटायची. एकदा झेंडावंदनाला हॉलवाले सगळे त्याच टोपी-मास्कमध्ये, पांढऱ्या कपड्यांत लांब रांगेत उभे होते. फोनवरच्या आवाजावरून मनात धरलेल्या इंगळेभाऊंसारखा एक उंच माणूस मला दिसला. मी जोरात हात हलवला. त्यानंही जरा बिचकून हलवला. दुसऱ्या दिवशी फोनवर इंगळेभाऊ म्हणाले, "तो लॅबवाला होता बे. मी त्याच्या मांगं होतो. म्याही हात हालवला, तुले दिसलाच नाही."

*

पुढच्या उन्हाळ्यात डेअरीची विहीर आटली आणि टँकर सुरू झाले. साहेबांनी विचारलं, पाणी कसं वाचवता येईल? मी सांगितलं, शेवटच्या धुण्याचं पाणी जवळपास स्वच्छ असतं, ते साठवून पुढच्या पहिल्या धुण्याला वापरा. आणि पनीरचं पाणी माझ्याकडे पाठवू नका, शेतकऱ्यांना ढोरांसाठी द्या. दोन्ही गोष्टी झाल्या. टँकर कमी झाले, टाकीचा वासही उतरला. माझा सत्कार ठरला. पण मला हॉलमध्ये जाता येत नाही आणि साहेबांना टाकीवर येववत नाही, म्हणून शाल-नारळ कडुनिंबाखाली झालं.

मग हळूहळू लक्षात आलं, फोन कमी वाजतोय. पनीरच्या पाण्याचा फोन गेला. शेवटच्या धुण्याचा गेला. त्यानंतर तर साहेबांनी सेन्सरवाला वॉल्व्ह बसवला. पाण्यात कॉस्टिक जास्त असलं की तो आपणच बंद होतो, टाकीत जागा झाली की आपणच उघडतो. कोणी कोणाला विचारायला नको. पाण्याच्या दृष्टीनं फार चांगलं झालं, आणि सुरुवात मीच करून दिली होती. तक्रार कोणाकडे करणार? पहिल्या दिवशी फोन वाजलाच नाही. मी रिसीव्हर उचलून पाहिला, चालू होता. मला फार एकटं वाटलं.

सुटीला घरी गेलो तेव्हा बायको म्हणाली, तुम्हीच लावा की. मी लावला. तिकडून सुपरवायझर बोलले.

"काय झालं? वॉल्व्ह बंद पडला काय?"

"नाही साहेब."

"मंग?"

मी फोन ठेवून दिला. त्यानंतर लावला नाही.

*

इंगळेभाऊ रिटायर झाल्याचं मला कॅन्टीनवाल्याकडून कळलं. निरोपाचा कार्यक्रम हॉलमध्ये झाला, म्हणजे मी नव्हतोच. आता तो आवाजही गेला, असं धरून मी कामाला लागलो.

चार-सहा दिवसांनी, सकाळी, चौकड्याचा शर्ट घातलेला एक बुटका माणूस हातात डबा घेऊन भिंतीच्या कडेकडेनं माझ्याकडे येताना दिसला. मी याला कधी पाहिलं नव्हतं. मी लांबूनच ओरडलो, "ओ काका, इकडं येता येत नाही. वापस जा, नाही तर आत घेणार नाहीत तुम्हाले."

तो थांबला नाही. कडुनिंब ओलांडून सरळ टाकीपाशी आला, डबा माझ्या खुर्चीवर ठेवला आणि दम खात म्हणाला,

"काऊन हाकलून राह्यला, तायडे? मले आता आत कुठी जा लागते?"